दोनदा ओढलं, एकदा दिसलं

अमरावतीत माझी रक्त तपासायची लहानशी लॅब आहे आणि परतवाड्यात तिचं नमुने घ्यायचं केंद्र. आठवड्यातून तीन दिवस सकाळी मी स्वतः गाडी चालवत परतवाड्याला जाते आणि बर्फाच्या डब्यात नळ्या घेऊन दुपारच्या आत परत येते. मध्यंतरी एक ड्रायव्हर ठेवला होता. तो वाटेत पोहे खायला थांबे आणि डबा उन्हात राही. नमुना खराब झाला की पेशंटला पुन्हा सुई. महिनाभरात त्याला निरोप दिला.

गाडी जुनी, अकोल्याच्या एका गृहस्थांकडून घेतलेली. विकताना त्यांनी दोन गोष्टींचं फार कौतुक सांगितलं होतं, सीटच्या कव्हरांचं आणि दिव्यांचं. दिवे झेनॉनचे होते, त्यांनी नंतर हौसेनं बसवलेले. हिवाळ्यात संध्याकाळी लवकर अंधार पडला की त्यांचा उपयोग कळे. रस्ता दुधासारखा पांढरा दिसायचा, खड्डा शंभर पावलांवरून ओळखू यायचा. समोरून येणारे मात्र मी दिवे डिम ठेवलेले असतानाही मला डिप्पर देत, कुणी खिडकीतून शिवीही हासडत. मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्याच्या गाडीवर खेकसायची या रस्त्यावर सगळ्यांनाच सवय आहे, असं मी धरून चालले होते.

माझे वडील याच रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवायचे. परतवाडा ते अमरावती, अमरावती ते परतवाडा, सगळी हयात. गाडी त्यांनीच मला शिकवली आणि गाडीबरोबर रस्त्यावरचं बोलणंही. हॉर्न सगळेच वाजवतात, त्याला कुणी विचारत नाही. बोलायचं ते दिव्यानं. एक डिप्पर म्हणजे, ये, मी थांबतो. दोन डिप्पर म्हणजे, थांब, मी येऊन राहिलो. जीपवाले, संत्र्यांचे ट्रकवाले, सडकेला लागून शेत असलेले माळी-कुणबी, सगळ्यांना हे पाठ.

"शहरातले एकच मारतात आन् सुसाट येतात," वडील म्हणायचे. "त्यायच्या वाटीले जाऊ नको. पन आपल्या सडकीवर दोन देल्यावर जो घुसते तो एक तं आंधळा, नाहीतं मराले निघेल."

हे वाक्य मी किती जणांना हसत हसत ऐकवलं असेल. आता ऐकवत नाही.

डिसेंबरातली सकाळ होती, आठ वाजत आले होते. धुकं नव्हतं, ऊन स्वच्छ पडलं होतं, त्यामुळे घरून निघाल्यापासून दिवे लावलेच नव्हते. डाव्या हाताला एक शेतरस्ता सडकेला येऊन मिळतो. तिथं एक माणूस मोपेडवर थांबला होता, एक पाय जमिनीवर टेकवून. मागे झेंडूची दोन पोती. त्याला सडक ओलांडून अमरावतीच्या अंगाला वळायचं होतं. सूर्य माझ्या पाठीशी होता, म्हणून त्यानं कपाळावर हात आडवा धरला होता आणि तो सरळ माझ्याकडे पाहत होता. मी वेगात होते. स्टिअरिंगखालची दिव्याची दांडी दोनदा ओढली. समोर वेगाच्या काट्याशेजारचा डिप्परचा निळा दिवा दोनदा लागला. टक, टक.

त्यानं हात खाली घेतला, ओळखीच्या माणसाला करावी तशी मान हलवली आणि निघाला.

मी ब्रेकवर जवळजवळ उभी राहिले. गाडी तिरपी होत गेली. तो अर्ध्या सडकेवर आला आणि गाडी थांबत नाही हे त्याला दिसलं. त्यानं पुढचा ब्रेक दाबला, मोपेड आडवी झाली, डोकं डांबरावर आपटलं. माझी गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. गाडीचा त्याला स्पर्श झाला नाही. समोर चहाची टपरी आहे, तिथल्या लोकांनी हे पाहिलं.

त्यांच्याच मदतीनं त्याला मागच्या सीटवर आडवं केलं आणि परतवाड्याच्या दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी अमरावतीला पाठवलं. दोन्हीकडे मी गाडी चालवली. त्या दिवशीचे नमुने घेतलेच नाहीत. त्याच्या कपड्यांना झेंडू चिकटला होता तो सगळा गाडीत सांडला. गाडी आतून दोनदा धुवून घेतली, तरी सीटच्या खालच्या पट्टीतून महिनोनमहिने वाळक्या पाकळ्या निघत राहिल्या. वास तर जातच नव्हता. मला झेंडूचा वास पूर्वी आवडायचा की नाही, तेही आता सांगता येत नाही.

तो वाचला. तीन आठवडे दवाखान्यात होता. बोलणं, चालणं, हिशेबी डोकं, सगळं जसंच्या तसं परत आलं. फक्त ती सकाळ आली नाही. आदल्या संध्याकाळी जेवायला बसल्याचं त्याला आठवे आणि त्यानंतर एकदम दवाखान्याचं छत.

पोलिसांनी माझा जबाब घेतला. हवालदारानं लिहिलं आणि मी वाचून सही केली: मी दोन वेळा डिप्पर देऊन थांबण्याचा इशारा केला, तरीही सदर इसम रस्त्यावर आला. टपरीवाल्यालाही विचारलं. त्यानं गाडीच्या आवाजानंतर मान वर केली होती, दिवे पाहिले नव्हते. पण बाई दोनदा लाईट मारल्याचं सांगते म्हणजे मारलीच असणार, असं तो म्हणाला. मला तो प्रकार अगदी नीट वाटला. निळा दिवा मी डोळ्यांनी दोनदा पाहिला होता.

त्या मोपेडवाल्याचं घर सडकेपासून थोडं आत, शेतातच. फुलं आणि भाजी करणारं माळ्याचं घर. मुलगी लग्न होऊन अकोटला गेलेली, घरात दोघंच. मी जाता-येता थांबू लागले. त्याची बायको मला देवासारखं मानायची, आणि ते मला नको होतं. "ताई नसत्या तं सडकीवरच गेले असते हे," असं ती प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे आणि माझ्या गाडीत बळेच मेथीच्या जुड्या टाके.

एकदा तिनं मला गाडीपर्यंत पोचवायला येऊन विचारलं.

"ताई, एक इचारू? खरं सांगा. यायनं तुमची लाईट पाह्यली होती का?"

"मी दोनदा दिली होती. आणि ते माझ्याकडेच पाहत होते."

"म्हंजे पाह्यली."

"पाहिलीच असणार."

"मंग काहून आले?"

मी म्हटलं, डोळ्यांवर ऊन होतं, चुकलं असेल. ती म्हणाली, "हे नाही चुकत. माह्या भावाले, जावयाले, यायनंच शिकोलं, दोन देल्ली का थांबाचं." मग तिनं गाडीचं दार लावून दिलं आणि घरात गेली. मी परतवाड्याला गेले. मला वाटलं मी खरं ते सांगितलं.

त्यानंतरच्या खेपांना मला एकेक दिसत गेलं. फवारणीचं औषध घरातून उचलून शेजारच्या मळ्यात ठेवलं होतं. विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीला कुलूप आणि किल्ली तिच्या कमरेला. तो पाणी द्यायला निघाला की ती हातातलं काम टाकून मागे. तो मोरीत जरा जास्त वेळ राहिला की बाहेरून हाक. एकदा माझ्यासमोरच तो चिडला.

"म्हशीले बी इतकं बांधून नाही ठेवत लोकं! मी का पयून चाललो?"

"पयून जा ना," ती म्हणाली. "मी मांगं येतोच."

तो हसला, पण तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. ती आत गेल्यावर त्यानं मला हळूच विचारलं, "मॅडम, तुमी पाह्यलं तवा मी कसा दिसत होतो? म्हंजे, तोंड कसं होतं माह्यं?"

मी म्हटलं, नेहमीसारखं. मान हलवली होती.

"मान हालवली?" त्यानं स्वतःच मान हलवून पाहिली. "दोन पाह्यले, मान हालवली आन् आलो. कोन करते असं? माह्यातच कोनी दुसरा बसेल हाये का, असं वाटते मले कधी कधी."

मी अशा गोष्टींना थारा देणारी बाई नाही. माझ्या कामात एक तर काचेखाली काही दिसतं किंवा दिसत नाही. पण त्या दिवसांत मला तो माणूस भलत्या ठिकाणी दिसू लागला. शेतरस्ता सडकेला मिळतो अशा प्रत्येक ठिकाणी कुणीतरी एक पाय टेकवून थांबलेलं असायचं. जवळ गेलं की तो दगड निघे, मैलाचा खांब निघे, कधी खरोखर एखादा माणूस निघे आणि तो मान हलवेल या भीतीनं माझा पाय आपोआप ब्रेकवर जाई. मी डिप्पर देणंच सोडलं. हॉर्न दाबत जायची, नवशिक्यासारखी. परतताना आरशात पाहिलं की मागची सीट रिकामी आहे ना हे पाहायची, आणि पाहिल्यावर स्वतःचाच राग यायचा.

एप्रिलमध्ये डावा दिवा फडफडायला लागला. अकोल्याला तपासणीचं सामान आणायला जायचंच होतं, म्हणून गाडी तिथंच दाखवली. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, एका बोळाच्या तोंडाशी म्हातारे इलेक्ट्रिशियन बसतात. त्यांना सगळे चाचाच म्हणतात. त्यांनी बॉनेट उघडलं आणि आधी कपाळावर हात मारला.

"हे किट कोन्या उस्तादानं बसोलं?"

"आधीच्या मालकानं. चांगलं नाही का?"

"चांगलं हाये ना, समोरच्याले आंधळं कराले. ताई, बल्बामागचा हा चकचकीत वाडगा साध्या बल्बासाठी बनेल हाये. साध्या बल्बाचा उजेड कुठी पाडाचा, त्याचा हिशेब करून बनवतात. त्याच्यात हे झेनॉन कोंबलं का उजेड चौफेर उधळते. डिम करा, नाहीतं काई करा. लोकं शिव्या देत नाहीत का तुमाले?"

"देतात."

"बराबर देतात. कायद्यात बी बसत नाही हे."

मी विचारलं, मग हा दिवा चालतो कसा? मला यंत्राचं कळल्याशिवाय दुरुस्तीचे पैसे द्यायला आवडत नाही. चाचांनी दिव्यामागची एक पत्र्याची डबी दाखवली.

"साध्या बल्बात तार असते. करंट आला, तार तापली, उजेड हाजर. याच्यात तारच नाही. काचेच्या गोळीत गॅस भरेल हाये आन् दोन टोकं. त्या दोन टोकांत ठिणगी उडवा लागते. बारा व्होल्टाची बॅटरी काय ठिणगी उडवन? म्हून हा डबा, बॅलास्ट. हा बाराचे वीस-पंचवीस हजार करते, एका झटक्यापुरते. ठिणगी उडाली का पहिले निळं-निळं दिसते. मंग आतलं मीठ तापते, त्याची वाफ होते, तवा कुठी तुमचा तो दुधावानी उजेड."

"मीठ?"

"भाजीत टाकाचं नव्हे. येगळं असते. जुन्या ट्यूबलाईटचा चोक पाह्यला ना घरी? त्याचाच हा मोठा भाऊ समजा."

डाव्या दिव्याची डबी कमजोर झाली आहे, असं त्यांचं मत पडलं. उजवीचं काय ते पाहायला मला गाडीसमोर उभं केलं आणि ते आत बसले. "मी डिप्पर देतो. दोन्ही लागतात का, सांगा."

बोळात सावली होती. गाडी दोन तास उभी, दिवे दिवसभरात लागलेले नव्हते. मी दहा पावलांवर उभी राहिले. आतून टक, टक असा आवाज आला. निळसर पांढरा उजेड एकदा लागला आणि गेला.

आणि माझा उजवा पाय पुढे पडलेला होता.

तो मी टाकला नव्हता. वडिलांनी जे शिकवलं होतं त्यानं तो टाकला होता. एक डिप्पर, ये, मी थांबतो.

"लागले का दोन्ही?" चाचांनी विचारलं.

"लागले. एकदाच ओढली ना दांडी?"

"दोनदा."

"एकदाच लागला."

"लागन. थंडा हाये ना अजून. पहिल्या झटक्यात डबा नुसता जागा होते, पेटवाच्या आत आपन दांडी सोडतो. दुसऱ्या झटक्यात पेटते. म्हून तं कंपनीतून झेनॉन येते त्या गाडीत डिप्परचा इंतजाम येगळा असते. साधा बल्ब देतात बाजूले. नाहीतं दिवा पेटेलच ठेवतात आन् आत पत्र्याचा पडदा वर-खाली करतात. याच्यात काईच नाही."

"पण आतला निळा दिवा दोनदा लागतो."

"त्याले काय मालूम बाहीर काय लागलं? तो दांडीचा नौकर हाये. बल्ब काढून घरी ठेवा, तरी तो निळा लागन."

मी म्हटलं, पुन्हा करा. त्यांनी पुन्हा ओढली. या वेळी उजेड दोनदा दिसला. माझा जीव भांड्यात पडला, तो क्षणभरच. चाचा म्हणाले, "आता गरम झाला तो. गरम असला का पटकन घेते." मी स्टुलावर बसून राहिले. वीस मिनिटांनी पुन्हा. एक. पुन्हा बसले, पुन्हा वीस मिनिटांनी. एक. एका चाचणीवर मी रिपोर्ट देत नाही.

"काय झालं ताई? चक्कर येते का? पानी आनू?"

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कापडानं हात पुसले, बराच वेळ.

"मानूस जिता हाये ना?"

"आहे."

"तुमीच उचलून दवाखान्यात नेलं. मंग आता कायले उकरता? तुमाले थोडंच मालूम होतं."

"माझ्या लॅबमधून चुकीचा रिपोर्ट गेला आणि मला उशिरा कळलं, तर पेशंटला फोन करायचा की नाही?"

"ते मले नका इचारू," ते म्हणाले. "मी बल्ब बदलतो." आणि ते साधे बल्ब काढायला उठले. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, परवापर्यंत आहे तसंच राहू द्या.

अकोल्याहून परतताना मी सूर्य मावळायच्या आत घर गाठलं. दिवे लावायची माझी हिंमत नव्हती. रस्ताभर त्या मान हलवण्याचा अर्थ उलगडत होता. चार महिने मला ती मान एखाद्या निरोपासारखी वाटली होती, मरायला निघालेल्या माणसाची. ती साधी दाद होती. बाईनं वाट दिली, त्यानं आभार मानले. मी वाट दिली आणि मग त्याच्या अंगावर आले. आणि वर सही करून सांगितलं की त्यानं ऐकलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी आधी ठाण्यात गेले. जुना जबाब दुरुस्त करायचा अर्ज लिहूनच नेला होता. हवालदारानं तो दोनदा वाचला.

"मॅडम, हे देल्लं तं सगळं तुमच्या दिव्यावर येते."

"दिवा माझाच आहे."

"मिस्टरांना इचारलं का?"

"त्यांनी देऊ नको म्हटलं. पोच द्या."

त्यानं पोच दिली. पुढे काय होईल ते त्यालाही सांगता आलं नाही, आणि मलाही अजून ठाऊक नाही.

आठच्या सुमाराला त्या माळ्याच्या अंगणात गाडी उभी केली, पाठीशी सूर्य घेऊन. दिवे आदल्या दिवसापासून लावले नव्हते. दोघांनाही बोलावलं आणि काहीच न सांगता पंचवीस-तीस पावलांवर उभं केलं. म्हटलं, मी डिप्पर देते, किती दिसतात ते सांगा. बायको म्हणाली, "हे काय नवीन, ताई?" पण उभी राहिली. त्यानं कपाळावर हात आडवा धरला. तसाच.

दोनदा ओढली. टक, टक. निळा दिवा दोनदा लागला.

"एक," तो म्हणाला.

"एकच," ती म्हणाली. "काहून?"

मी उतरले आणि सांगितलं. दांडी दोनदा ओढली होती, आताही आणि त्या दिवशीही. दिवा थंड असला की पहिला झटका वाया जातो. "तुम्हाला त्या दिवशी एकच दिसला. तुम्ही बरोबर आलात. चूक माझ्या गाडीची होती, आणि मी तुम्हा दोघांना खोटं सांगितलं. मला माहीत नव्हतं, पण सांगितलं खोटं."

त्यानं मान वळवून दिव्यांकडे पाहिलं. ती मात्र माझ्याकडे टक लावून पाहत होती. मला वाटलं आता ती चार शब्द सुनावेल, आणि ते मला चाललं असतं.

"पुन्यांदा मारा," ती म्हणाली.

मी तिला सांगायला हवं होतं, पण त्या घाईत विसरले. आत बसले, दोनदा ओढली आणि ओढतानाच लक्षात आलं.

"दोन!" ती ओरडली. "आता दोन दिसले! ताई, तुमी माह्यं मन राखाले सांगून राहिल्या का? यायनं शिकोलं तुमाले हे?"

"मी कायले शिकवू?" तो म्हणाला. "मलेच आता समजून राह्यलं."

"दिवा गरम झाला आहे," मी म्हटलं. "थंड होऊ द्यावा लागतो. वीस मिनिटं."

"असं कसं? दिवा तं दिवाच."

मला दुसरं काही सांगता येत नव्हतं. वीस मिनिटं थांबायचं ठरलं. डब्यातला बर्फ वितळत होता. तो गाडीच्या समोर उकिडवा बसून दिव्यांकडे पाहत राहिला, जनावराच्या तोंडाकडे पाहावं तसा. ती चहा करायला आत गेली आणि मी तिच्यामागे गेले. चुलीशी वळून न पाहता ती बोलली.

"आदल्या राती आमचं भांडन झालं होतं. यायनं मोटार चालूच ठेवली आन् झेंडूचा वाफा सगळा बुडाला. मी म्हटलं, जाय, मर कुठी तरी. असं म्हटलं मी. अन् सकाऊन हे तसेच गेले, चहा न पेता." तिनं साखर टाकली, मग पुन्हा टाकली. "यायले ते आठवत नाही. मी सांगतलं बी नाही. चार महिने मी पाहून राहिली, कवा आठवते."

 बोलण्यासारखं जे होतं ते बाहेर थंड होत होतं.

चहा फार गोड झाला होता. वीस मिनिटं झाली, मी आणखी पाच जाऊ दिली. मग ती एकटीच जाऊन समोर उभी राहिली. त्याला तिनं बाजूला सारलं. मी दोनदा ओढली.

तिनं एक बोट वर केलं. ते तसंच वर धरून ती उभी राहिली.

"दिसला ना?" तो म्हणाला. "मंग मी बराबर आल्तो. मी पागल नाही झालो."

तिनं पदरानं तोंड पुसलं. त्यानं तिच्यापुढे हात पसरला.

"किल्ली."

"कायची?"

"मोटारीची. वांग्याले पानी द्याचं हाये. आन् मांगं येऊ नको."

तिनं कमरेची किल्ली काढली, पण हातात दिली नाही, बाजेवर ठेवली. त्यानं ती उचलली आणि संत्र्याच्या झाडांमागे गेला. विहीर तिकडेच आहे, घरातून दिसत नाही.

मला निघायला हवं होतं. केंद्रावर उपाशीपोटी आलेली माणसं खोळंबली असतील. पण मोटारीचा आवाज आल्याशिवाय निघू नये असं वाटलं. आवाज आला नाही. झाडांत काही हलत नव्हतं. ती ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. मी आत जाऊन पंख्याचं बटण दाबलं. पंखा फिरला नाही.

"लाईन गेली आहे," मी बाहेर येऊन म्हटलं. "म्हणून मोटार लागली नाही."

"हो," ती म्हणाली. तिचा हात खांबावरून निघाला नाही.

"लाईनच नाही."

"हो ना."

मी गाडीकडे गेले नाही. चार पावलं पुढे जाऊन तिच्याशेजारी उभी राहिले, आणि आम्ही दोघी झाडांकडे पाहत राहिलो. पाच वेळा तपासलेली गोष्ट होती. तरी मी श्वास धरून होते.

बऱ्याच वेळानं तो झाडांतून बाहेर आला, हात धोतराला पुसत. लांबूनच ओरडला, "लाईन नाही वं! आन् दोघी अशा काहून उभ्या? कोनी मेलं का?"

ती जागच्या जागी खाली बसली.